सिंहासनामागचा हात

आमच्या घराण्यातून सिनेमात गेलेला माणूस एकच, आणि त्याचाही फक्त हात गेला. मनगट, मनगटात बांगड्या, पुढं पाच बोटं. बाकीचा माणूस सिंहासनाच्या मागं उकिडवा बसलेला.

कोल्हापुरात त्या काळी सिनेमे असे निघायचे, की पंचगंगेच्या घाटावर अंघोळीला गेलेला माणूस धोतर पिळून परत येईपर्यंत एखादा सिनेमा पुरा होऊन डब्यात बंद झालेला असायचा. त्यातल्याच एका ऐतिहासिक चित्रपटात राणीसाहेब भर दरबारात सिंहासनावरून ताडकन उठतात. नटी मुंबईची. नऊवारी घट्ट नेसवली की श्वास कोंडतो म्हणून त्या दिवशी तिनं हट्टानं सैल करून घेतलेली. उठताना काष्टा सुटतो. तो खाली येणार, एवढ्यात सिंहासनामागून एक हात येतो, काष्टा झेलतो, कमरेला खोचतो आणि गुप्त होतो. राणीसाहेबांना पत्ता नाही, दरबाराला पत्ता नाही. भाषण असं रंगलेलं, की दिग्दर्शकानं हातासकट ते तसंच ठेवलं. बघणाऱ्याला वाटतं, असेल एखादी दासी.

दासी नव्हे, ती माझी आत्ती, वडिलांची धाकटी बहीण. शिरोळला दिलेली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, माहेरी परत आली, आणि काही वर्षं स्टुडिओत नट्यांना नऊवारी नेसवायचं काम केलं. तिनं नेसवलेल्या लुगड्यात बाई घोड्यावर बसली तर घोडा दमून खाली बसेल, पण काष्टा जागचा हलणार नाही, असा तिचा लौकिक होता. काष्टा सुटणार हे तिला आधीच ठाऊक होतं, म्हणून ती मागं जाऊन बसली होती.

हे मी चाळीस वर्षं पेठेत सांगत आलो आहे आणि पेठेनं चाळीस वर्षं त्यावर विश्वास ठेवलेला नाही. चूक पेठेची नाही. मी 'आभाळ भरून आलंय' म्हटलं, तर आमच्या गल्लीतल्या बायका वाळवण घालायला काढतात, इतकी माझी पत आहे. शिवाय जुन्या बायकांचा एक बिनतोड सवाल असायचा: नवरा गेलेल्या बाईच्या हातात त्या काळी बांगड्या कशा? आत्तीला विचारलं, तर ती म्हणायची, "असतील कंपनीच्या," आणि भाजी निवडायला घ्यायची.

तर ही आत्ती आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. कान शाबूत, डोळे मोतीबिंदू काढून नवेकोरे, जीभ तर धार लावलेली. आमच्याकडंच असते.

आता मालिकेकडं येतो. सिनेमाच्या त्या सोन्याच्या काळावर कुणीतरी मुंबईत एक मालिका काढली, आठ भागांची. आणि ती काढायच्या आधी त्यातली एक लेखिका, पंचविशीतली पोरगी, आमच्या घरी येऊन गेली होती. कोल्हापुरात स्टुडिओच्या आठवणी कुणाकडं आहेत म्हणून ती विचारत फिरत होती. लोकांनी तिला माझ्याकडं धाडली. चेष्टा म्हणून धाडली, हे मला उशिरा कळलं. आत्ती त्या आठवड्यात कुरुंदवाडला भाचीकडं गेलेली. म्हणजे रान मोकळं.

पोरीनं आवाज टिपायचं यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, सांगा."

आजवर मला कुणी 'सांगा' म्हणालेलं नव्हतं. 'पुरे' म्हणणारेच सगळे. मी दुपारी पांढऱ्या रश्श्याच्या पहिल्या वाटीला सुरुवात केली, ते दिवे लागले तरी बोलतच होतो. यंत्राची बॅटरी संपली, तिनं दुसरं काढलं. तेही गरम होऊन बंद पडलं. मी काय काय सांगितलं? इथंच घोटाळा आहे. मला आठवत नाही. हत्ती होता एवढं आठवतं. हत्तीला पोहायला कुणी शिकवलं हेही सांगितलेलं आठवतं. रंकाळ्यात बुडालेला कॅमेरा माशांसकट वर काढला, आणि फिल्म धुतली तेव्हा त्यात माशांचे फोटो आले, हेसुद्धा. पण हाताचं काय सांगितलं?

आत्ती कुरुंदवाडहून आली, तेव्हा मी छाती पुढं काढून म्हणालो, "आत्ती, तुझं सगळं सांगितलंय. मालिकेत घेत्यात तुला."

"मला? कोन घेतंय?"

"मुंबईची मान्सं. नऊवारी नेसवणारी, सिंहासनामागचा हात, सगळं येणार हाय."

आत्ती पिशवी ठेवायला आत गेली. पण त्या दिवसापासून भाजीवालीला, दूधवाल्याला, दारात आलेल्या पावण्यांना ती एकच गोष्ट सांगायला लागली, तीसुद्धा सहज बोलता बोलता, "आता टीव्हीत दावणार हाईत म्हनं." आयुष्यभर 'कंपनीच्या असतील' म्हणून विषय मिटवणारी बाई. आपण लोकांना दिसावं असं तिला वाटत होतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मालिका सुरू झाली. दर रविवारी दुपारी चारला सूनबाई टीव्ही लावायची. समोर आत्तीची खुर्ची, तिच्या मागं मी, माझ्या मागं आमची मंडळी लसूण सोलत, आणि शेजारच्या काकू, ज्या साखर मागायला म्हणून यायच्या आणि भाग संपेपर्यंत वाटी रिकामीच ठेवायच्या. आत्ती पहिल्या दिवशी ठेवणीतलं इरकल नेसून बसली. जणू तिकडून टीव्हीतल्या लोकांना ती दिसणार होती.

पहिल्या भागातच माझं डोकं गरगरायला लागलं. कोण कोण आहे हेच कळेना. एक दिग्दर्शक होता. मी म्हटलं, "हा म्हंजे आमचे ते थोरले साहेब."

मंडळी म्हणाली, "त्यांना एवढी मिशी कुटं हुती?"

"मिशी दुसऱ्या साहेबांची हाय."

"आन् बायकू?"

"बायको तिसऱ्याची."

"मंग हा मानूस कोन?"

काय सांगू? एका माणसात तीन माणसं भरलेली. टोपी एकाची, राग दुसऱ्याचा, कर्ज तिसऱ्याचं. आणि एका खऱ्या नटीच्या दोन नट्या केलेल्या, त्या एकमेकींशी भांडत होत्या. म्हणजे ती बाई मालिकेत स्वतःच्याच झिंज्या उपटत होती. सूनबाईनं सांगितलं, "मामा, सुरुवातीला पाटी येती की, सगळी पात्रं काल्पनिक म्हणून."

"मग कोल्हापूर कशाला दाखवलं? तेबी काल्पनिक दाखवायचं!"

तेही काल्पनिकच होतं म्हणा. रंकाळ्याच्या मागं बर्फाचा असावा असा डोंगर. माणसं न्याहारीला तांबडा रस्सा, जेवायला तांबडा रस्सा, आणि एका प्रसंगात तर तापानं फणफणलेल्या माणसाला वैद्य तांबडा रस्साच पाजतो. सगळ्यांच्या पायांत चपला अशा करकरत्या, की संवाद ऐकू येईनात. आणि बोलणं? दर वाक्याला 'की' लावलं म्हणजे कोल्हापुरी झालं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. बहुतेक मीच.

खरी पंचाईत दुसऱ्या भागापासून. मधूनच एखादा प्रसंग यायचा आणि मी आत्तीच्या खुर्चीआड सरकायचो. हत्ती रंकाळ्यात उतरला. काकू म्हणाल्या, "अग्गं बाई, असं झालंतं व्हय?"

मी म्हणालो, "झालं नसंल."

"तुमीच सांगत हुता की गनपतीत!"

आता मला आठवेना, की हत्तीची गोष्ट वडिलांनी मला सांगितली होती, का मी वडिलांच्या नावावर खपवली होती, का हे मुंबईकरांनीच रचलं आणि मला वाटतंय मी रचलं. तीन दोऱ्या एकात एक वळलेल्या. सोडवायला जावं, तर चौथीच हाताला लागायची. माशांच्या फोटोंचा प्रसंग आला, तेव्हा तर पडद्यावरचा म्हातारा रडत होता आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी स्वतःच्याच थापेला रडत होतो, आणि ती थाप आहे अशी खात्रीही देता येत नव्हती.

आत्तीचं मात्र एकच. भाग संपला, की खुर्चीतून मागं वळून विचारायची, "कवा येतीया मी?"

"पुडच्या भागात."

दुसरा गेला, तिसरा गेला. नट्या नऊवारी नेसून आल्या, नाचल्या, घोड्यावर बसल्या. नेसवणारी कुठंच नाही. आत्तीचे डोळे नटीच्या तोंडाकडं नसायचेच, कमरेकडं असायचे. "ह्ये बग, ओचा कुनीकडं चाललाय. घोड्यावर बसली तर कोल्लापूर सोडायच्या आत सुटंल. कुनी नेसवलंय हिला, गड्यानं?"

चौथ्या भागानंतर तिनं इरकल कपाटात ठेवलं. पाचव्या भागाला ती खुर्चीत आलीच नाही, आतल्या खोलीतून नुसती ऐकत होती. मंडळी माझ्यावर डाफरली, "कशाला म्हातारीला नादाला लावलं? दर आईतवारी आशेनं बसत्या आन् तोंड पाडून उठत्या. इच्यारा की त्या पोरीला, हाय का न्हाय म्हनून!"

मी लेखिकेला फोन लावला.

"काका! बघताय ना?"

"बघतोय. छान आहे. मला एवढंच विचारायचं होतं, हाताचं घेतलंय का?"

"म्हणजे काय! तुमचीच गोष्ट घेतलीय. शेवटच्या भागात. आमच्या सगळ्या टीमला ती फार आवडली."

"कुठली गोष्ट?"

"अहो, तीच! तुम्ही सांगितलेली."

"मी कशी सांगितली होती?"

ती हसायला लागली. "काका, तुम्ही पण ना! आता काही सांगणार नाही. घरच्यांना सरप्राइज द्या."

फोन ठेवला. घरच्यांचं जाऊ दे, सरप्राइज मलाच होतं. तरी मी आत्तीच्या खोलीत जाऊन सांगितलं, "शेवटच्या भागात हाय. लेखिकेनं शब्द दिलाय." आत्ती उठून बसली. कपाटातून इरकल परत बाहेर आलं.

आता जे सांगायचं, ते जरा अडखळत सांगतो.

माझ्या वडिलांना मी आबा म्हणायचो. पेठेत मी अशी हवा केलेली, की आबा स्टुडिओत मोठ्या हुद्द्यावर होते. कधी मी त्यांना कॅमेऱ्याच्या मागं उभं केलं, कधी तलवारबाजी शिकवायला लावलं. खरं असं होतं, की आबा कधी स्टुडिओच्या आत गेलेच नाहीत. तरणी विधवा बहीण सिनेमाच्या ठिकाणी एकटी जाणार, हे त्या काळी घराला चालणारं नव्हतं. म्हणून आबा तिला सकाळी सायकलवर डबलसीट घेऊन जायचे आणि फाटकाबाहेर चिंचेखाली बसायचे. ती आत नट्यांना नेसवायची, हे बाहेर बसायचे. संध्याकाळी तिला घेऊन घरी. अशी पाच वर्षं. आतून गाण्याचे, टाळ्यांचे, घोड्यांचे आवाज यायचे, आणि आबा बाहेर सायकलची साखळी पुसत बसलेले. मला हे आईनं सांगितलं होतं. मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाप फाटकाबाहेर बसला, यात सांगण्यासारखं काय आहे?

हाताचं मी काय सांगितलं होतं, ते सातवा भाग बघताना मला लख्ख आठवलं. दिवे लागल्यावर, यंत्र गरम झाल्यावर, त्या पोरीनं विचारलं होतं, "आणि तुमचे वडील स्टुडिओत नेमकं काय करायचे?" आणि मी तोंड उघडलं होतं.

मी तिला सांगितलं होतं, की सिंहासनामागचा हात माझ्या वडिलांचा. नेसवणारी त्या दिवशी तापानं आजारी. बहिणीचं बघून बघून भावाला काष्टा खोचता येत होता. हात चुकून दिसला तर बाईचा वाटावा, म्हणून त्यानं बांगड्या भरल्या. बांगड्यांचं कुठून सुचलं, तेही आठवलं. मी लहान असताना आबांच्या कोटाच्या खिशात, रुमालात गुंडाळलेल्या सहा काचेच्या बांगड्या मला सापडल्या होत्या. मी विचारलं, "आबा, ह्या कुणाच्या?" ते म्हणाले, "माझ्याच. चढत न्हाईत म्हणून खिशात ठेवल्यात." आम्ही दोघं हसलो होतो. बस्स, एवढ्यावर मी आत्तीचा हात काढून आबांना लावून टाकला.

म्हणजे शेवटच्या भागात आत्ती येणारच नव्हती.

तो आठवडा कसा काढला, मला विचारू नका. घरातली वीज जावी म्हणून मी बटणांशी खेळून पाहिलं, सूनबाईनं मागून येऊन हटकलं. मंडळीला खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "आता ह्यातलं तरी खरं कंचं?" तिचंही बरोबर. मलाच खात्री नव्हती, की आजवर आत्तीचा हात, आत्तीचा हात म्हणून जे मी सांगत आलो, ते तरी तिनं स्वतः कधी सांगितलं होतं का. तिनं कधी 'व्हय' म्हटलेलं मला आठवेना. आणि आत्तीला सांगायला गेलो, तर ती इरकलाची घडी सारखी करत होती. परत फिरलो.

रविवार आला. गल्लीतली वीस-पंचवीस माणसं खोलीत, उरलेली खिडकीत. काकूंनी सगळीकडं सांगून ठेवलेलं. म्हशी धारेसाठी ओरडत होत्या, त्यांचे धनी आमच्या खिडकीत. आत्ती पुढं, इरकलात, हात मांडीवर.

दरबार भरला. सिंहासन आलं. राणीसाहेब बसल्या. मग कॅमेरा सिंहासनाच्या मागं गेला, आणि तिथं एक जवान गडी उकिडवा बसलेला, ओठावर मिशी, आणि हातात बांगड्या भरतोय. चढत नाहीत, म्हणून हाताला साबण लावून ओढतोय. खिडकीत हशा पिकला. राणीसाहेब उठल्या. काष्टा सुटला. हात आला, झेलला, खोचला आणि गेला. मागं त्या गड्यानं डोळे मिटून असा श्वास सोडला, की तो नट कोण असेल तो असो, मला तो आबांसारखाच वाटला.

खोली दणाणली. "अरं, ह्यो तर तुजा बा!" म्हणून कुणीतरी माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की माझा चष्मा लसणाच्या टोपलीत पडला. बाप सिनेमात गेला होता एकदाचा. आणि माझ्या पुढ्यात आत्तीची पाठ, ताठ, जरासुद्धा न हललेली.

मला राहवेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे खोटं हाय. मी रचून सांगितलंय. हात आत्तीचा हाय."

काकू म्हणाल्या, "बसा खाली. एवढं टीव्हीत दावलं तरी तुमी खोटं म्हनताय?"

"मीच सांगितलंतं त्यांना!"

"मंग तवा खरं बोलला असशीला चुकून!"

पुन्हा हशा. आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत खरं बोललो, तर ही गत. म्हशींनी कल्लोळ केला, म्हणून माणसं पांगली. काकू वाटी विसरून गेल्या. मंडळी आणि सूनबाई चहा टाकायला आत गेल्या, आणि मी आत्तीच्या समोर जमिनीवर बसलो.

"आत्ती, चुकलं माझं."

"मागं घे त्ये."

"माझे शब्द?"

"शब्दं कसली, शिणीमा! मागं घे, मला परत बगायचंय."

मी यंत्राशी खटपट करून प्रसंग परत लावला. गडी बांगड्या भरतोय, तिथं ती म्हणाली, "थांबीव." थांबवला. ती खुर्चीतून पुढं वाकली. मग हसली का काय केलं, मला नीट कळलं नाही. पदर तोंडाशी नेला.

"बांगड्यांचं तुला कुनी सांगिटलं?"

"कुणी न्हाय. आबांच्या खिशात बघितल्या हुत्या मी, ल्हान असताना."

"त्या माज्या हुत्या."

मी तिच्या मनगटाकडं बघितलं.

"शिरोळला आमचे ह्ये गेलं, तवा बाया माज्या बांगड्या फोडाया बसल्या. दादा आत शिरला. बायांत गडी शिरला म्हनून दंगा झाला. त्यानं ह्या हातातल्या सा काडून घेटल्या आन् खिशात घाटल्या. कुनाला काय बोलला न्हाय. मंग स्टुडिओत साहेब म्हनाले, कॅमेऱ्याच्या जवळ बसनारीच्या हातात बांगड्या पायजेत, चुकून दिसली तर दासी वाटाया पायजे. कंपनीच्या दिऊ लागले. मी म्हनलं, न्हाय, माज्या हाईत."

"त्या आबांकडं?"

"घरात कुटं ठेवू? वैनीच्या नदरंला पडल्या तर पेठंत बोभाटा झाला असता. रोज फाटकात दादा रुमाल सोडायचा, मी भरायची आन् आत जायची. सांच्याला काडून त्याच्या हातात. पाच वर्सं त्यो बांगड्या राखत बसला चिंचंखाली. लोकं म्हनायची, भनीवर पाळत ठेवाया बसतोय."

चहा आला. तिनं बशीत ओतला, फुंकर मारली.

"म्हणजे हात तुझाच," मी म्हणालो.

"माजा न्हाय तर काय राणीचा?"

"मग मी उद्या सगळ्या पेठेत सांगतो. लेखिकेला फोन करतो. पुढं-मागं दुसरी मालिका काढतील, तिच्यात..."

"गप बस," ती म्हणाली आणि चहा प्यायली. त्यापुढं त्या विषयावर अक्षर नाही. मला वाटलं, दुखावली. मग वाटलं, दमली. मंडळीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला वाटतंय, खूस हाय." तिघांनी तीन अर्थ लावले, आणि आत्ती चष्मा काढून ठेवून झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वाटी न्यायला आल्या. आत्ती ओट्यावर उन्हाला बसलेली, मी बाजूला पेपर वाचत. काकूंना रात्रभर चैन पडलं नसावं. वाटी बाजूला ठेवून त्या आत्तीच्या पुढ्यातच बसल्या.

"आत्ती, ह्यांचं ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा. त्यो हात तुमचा का तुमच्या दादाचा?"

मी पेपर खाली घेतला. आता मिळणार होतं आत्तीला जे पाहिजे ते, तेही पेठेतल्या सगळ्यात मोठ्या तोंडाच्या पुढ्यात.

"दादाचा," आत्ती म्हणाली.

"बगा! आन् मंग तुमी कुटं हुता?"

"मी? मी भाईर. चिंचंखाली सायकल राखत बसलेली."

"आन् आत समदं दादाच बगायचे?"

"व्हय की. त्येचा हात लई हलका. नट्या म्हनायच्या, दुसरं कुनी नको, त्यालाच बोलवा."

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी चाळीस वर्षं त्यांचं दूध चोरत होतो. मी आत्तीकडं बघत राहिलो. मी थापांच्या धंद्यातला जुना माणूस. थाप मारणाऱ्याचा गळा हलतो, नजर एकदा खाली जाते, बोटं काहीतरी चाचपतात. आत्तीचं काहीही हललं नाही. कालचं सगळं ती विसरली, का टीव्हीनं तिच्या डोक्यात आबांना आत आणि तिला बाहेर बसवलं, का तिनं स्वतःच उठून त्यांना जागा दिली? तिच्या तोंडावर ऊन होतं, बाकी काही वाचता येत नव्हतं.

"इतकी वर्सं तुमी भाईर बसला, आत्ती?" काकूंचा स्वर हळवा झाला. "उनातानात?"

"ऊन लई असायचं," आत्ती म्हणाली.

काकूंनी खात्रीसाठी माझ्याकडं वळून पाहिलं. आत्तीनंही पाहिलं.

"असणारच की," मी म्हणालो. "चिंच तवा ल्हान हुती."